ओयामा, बेन्शी आणि ‘पहिली नटी’: मराठीत काय लिहायचं?

जपानी मूकपटांतली सुमिको कुरिशिमा हिच्यावर लेख लिहितेय, दोन शब्दांवर गाडी अडलीये. ओयामा म्हणजे बायकांची कामं करणारे पुरुष नट, आणि बेन्शी म्हणजे पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा. आणि सुमिकोला ‘जपानची पहिली चित्रपट अभिनेत्री’ म्हटलं तर चालेल ना?

— ओयामाला डोळे झाकून स्त्रीपार्टी लिहा की, तयार शब्द आहे आपला. काबुकी या जपानी नाट्यप्रकारात १६२९ पासून बायकांना बंदी, मग तेच नट सिनेमात आले, अगदी फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या साळुंकेंच्या तारामतीसारखं. फक्त आपल्याकडे पुढच्याच सिनेमात दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई आल्या, तिकडे १९२० उजाडलं तरी ओयामा होतेच.

— काबुकीवाल्यांना ओन्नागाता म्हणतात ना?

— लिपीत एकच शब्द, वाचायच्या दोन पद्धती. सिनेमावाल्यांसाठी ओयामा ठेवा.

— बेन्शीला ‘निवेदक’ मात्र नको हं, निवेदक म्हटलं की सत्कार समारंभातला माईकवाला आठवतो :) बेन्शी गोष्ट तर सांगायचाच, वर नायक, नायिका, म्हातारी सगळ्यांचे डायलॉग आवाज बदलून म्हणायचा आणि लोक पोस्टरवर त्याचं नाव बघून तिकीट काढायचे. बेन्शीच लिहा, एकदा कंसात अर्थ द्या, संपलं.

— ‘पहिली’ खोडा. हारुमी हानायागी १९१९ च्या सिनेमात आहे आणि सुमिको शोचिकू या फिल्म कंपनीच्या कामाता स्टुडिओत १९२१ ला आली. ‘पहिली मोठी स्टार’ लिहा, त्यावर कोणी भांडणार नाही.

— आणि ‘सोशिक नायिका’ असलं काही छापू नका प्लीज. दिग्दर्शक नारुसेचा १९३३ चा ‘योगोतो नो युमे’ बघा, तिकडे बोलपट येऊन दोन वर्षं झालेली तरी हा मूकपटच, त्यात ती बंदरावरच्या बारमध्ये काम करून पोराला वाढवते, आणि शेवटी नवरा जीव देऊन मोकळा होतो तर त्याची चिठ्ठी वाचून त्यालाच भित्रा म्हणते, मला तरी तिचं सगळ्यात भारी काम हेच वाटतं.

— थँक्यू सगळ्यांना! शेवटचं, तिने पुढे ‘निवृत्ती घेतली’ बरोबर ना?

— ‘सिनेमा सोडला’ लिहा. मुळात ती नाचणारी, नंतरही नाच शिकवतच होती. त्याआधी १९३७ ला दिग्दर्शक ओझूच्या बोलपटात प्रोफेसर नवऱ्यावर हुकूम चालवणारी बायको झाली होती, जाम मजा येते. मग एकदम १९५६ ला नारुसेच्याच ‘नागारेरु’मध्ये परत, किनुयो तानाका आणि इसुझू यामादा या नट्यांबरोबर.