महासभेत नागरिकाला बोलता येतं का? मैदानाचं आरक्षण बदलतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गल्लीच्या टोकाला अर्धा एकराच्या आसपास मोकळी जागा आहे. विकास आराखड्यात ती खेळाच्या मैदानासाठी राखीव. मैदान कागदावरच म्हणा, प्रत्यक्षात गाजरगवत, एक मोडका टँकर आणि संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. तिचं आरक्षण बदलून 'वाणिज्य' करायचा विषय महासभेपुढे आलाय, असं शेजारच्या काकांनी सांगितलं. (महापालिकेचं नाव लिहीत नाही, इथे आमचे बरेच गाववाले आहेत.)

अर्धा दिवस रजा टाकून गेले. दारावर शिपाई म्हणाला, "पास?" पास नगरसेवकाच्या चिठ्ठीवर मिळतो म्हणे. चिठ्ठी मिळवून गॅलरीत पोचले, तोवर एका माजी सदस्यांना श्रद्धांजली वाहून सभा तहकूब! पुढच्या तारखेला परत रजा. या खेपेला सभा चालली. पाण्यावरून दीड तास आरडाओरडा, एका सदस्यानं रिकामी घागर आणून महापौरांपुढे ठेवली. आमचा विषय आला तेव्हा नुसता क्रमांक वाचला, खालून "मंजूर, मंजूर", की लगेच पुढचा क्रमांक. माझ्या हातात 64 सह्यांचं निवेदन तसंच.

गॅलरीतून बोलायची परवानगी कोणाकडे मागायची असते? मंजूर झालं म्हणजे विषय संपला का? आणि तो प्रस्ताव मुळात लिहिलाय काय, हे कुठे वाचायला मिळेल? लोकशाही दिनात (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस) अर्ज द्यावा असं एकजण म्हणाले, त्याचा उपयोग होईल का?

जुना कारकून:
ताई, मी सभा विभागात बरीच वर्षं काढली आहेत. महासभा लोकांना खुली असते. बहुमतानं दारं बंद करायचं ठरवलं तरच ती बंद होते. पण खुली म्हणजे बघायला खुली. बोलायचं सदस्यांनी, खुलासा करायचा आयुक्तांनी. गॅलरीतून आवाज दिलात तर मार्शल बाहेर काढतील, निवेदन राहील बाजूला.

तुमचं काम सभेच्या आधी होतं. एरवी सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तिच्यासोबत कार्यपत्रिका, म्हणजे सभेपुढच्या विषयांची यादी. ती हाती आली की प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना गाठायचं, नुसत्या ओळखीच्या एकालाच नाही. उपसूचना (प्रस्तावात बदल सुचवणारी सूचना) द्या किंवा निदान विरोध इतिवृत्तात नोंदवा, एवढंच मागायचं. 'ऐनवेळचा विषय' म्हणून, म्हणजे कार्यपत्रिकेत नसताना आणला असेल तर मात्र तुम्हाला कळायच्या आत तो मंजूर होतो.

पण हातपाय गाळू नका. आरक्षण बदलणं नुसत्या ठरावानं होत नाही. प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, कलम 37 बघा. राजपत्रात नोटीस, हरकती-सूचनांसाठी एक महिना, मग सुनावणी, आणि शेवटची मंजुरी शासनाची. तुमचं बोलणं ऐकून घ्यायची जागा ती सुनावणी आहे, सभागृह नव्हे. 64 सह्यांचं एक निवेदन देण्याऐवजी 64 वेगळ्या हरकती द्या, प्रत्येकीवर आवक क्रमांक घ्या. "विरोध आहे" एवढंच लिहू नका. जवळचं दुसरं मैदान किती लांब, वस्तीत शाळा किती, हे लिहा.

लोकशाही दिन सोडून द्या. तिथे वैयक्तिक तक्रार लागते.

सोमवारवाला:
कागद बघायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकून 30 दिवस थांबायची गरज नाही. 2018 च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहता येतात. नगररचना विभागात जा, विषयपत्र (सभेपुढे ठेवलेला लेखी प्रस्ताव) आणि प्रशासनाचा अभिप्राय दोन्ही मागा. "साहेब साइटवर गेलेत" हे उत्तर मिळेलच, डबा घेऊन जा.

पेठेतला:
थोडं अवांतर. क्षेत्रसभा 2009 पासून कायद्यात आहेत. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाबद्दल बोलायचं, हाच त्यांचा उद्देश. मी एकही पाहिलेली नाही, कोणी पाहिली असेल तर सांगा. आमच्या पुण्यात अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात, पण फुटपाथ, बाकडी, दिवे इतपतच. आरक्षणाचा विषय तिथे चालत नाही. प्रभाग समितीवर मात्र स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत लोक घेता येतात. तुमच्याकडे ते कोण आहेत, शोधा. बहुतेकदा कार्यकर्तेच निघतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सोमवारी जाऊन आले. साहेब खरंच साइटवर होते, पण कारकूनबाईंनी फाइल दाखवली. प्रशासनाच्या अभिप्रायात 'सदर जागेचा वापर होत नाही' असं वाक्य आहे! आता आम्ही रोज संध्याकाळी क्रिकेटचे फोटो काढतोय, मोबाइलवर तारीख-वेळ दिसेल असे. नोटीस अजून निघालेली नाही. जुने कारकून, हरकतीला फोटो जोडले तर चालतात ना? की मुलांच्या आईवडिलांच्या सह्या त्यावर घ्याव्या लागतील?

जुना कारकून:
चालतात. चेहरे दिसतील असे नको, टँकर आणि यष्ट्या एका चौकटीत येतील असे काढा. टँकरावर नंबर असेल तर उत्तमच, जागा नाकारता येणार नाही. आणि राजपत्र रोज बघत जा, एक महिना नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही.