'कॉन्ट्रास्ट'ला विरोधाभास म्हणावं का?

प्रश्न

वेबसाइटच्या डिझाइनवरची एक मार्गदर्शिका मराठीत आणतेय. 'कॉन्ट्रास्ट' पानोपानी येतो. आधीच्या मसुद्यात सगळीकडे 'विरोधाभास' आहे: 'अक्षरे व पार्श्वभूमी यांत पुरेसा विरोधाभास ठेवा.' दर वेळी अडखळायला होतं. दुसरा शब्द सुचतो का?

प्रतिसाद १

अडखळता ते योग्यच आहे. विरोधाभास म्हणजे विरोधाचा आभास. वरवर विरोध वाटतो, पण अर्थ लागला की तो मावळतो. म्हणून तर तो अलंकार. पांढऱ्यावर काळं अक्षर यात आभास कसला? फरक खराखुरा आहे, आणि तो मावळायला तर अजिबातच नको आहे.

यासाठी मराठीत रोजचा शब्द आहे: उठाव. 'निळ्यावर पिवळा उठून दिसतो', 'मागे फिकट रंग दिला की अक्षरांना उठाव येतो' असं आपण बोलतोच.

डिझाइनच्या बदलत्या शैलींबद्दल लिहितानाही हा शब्द चपखल बसतो. ॲपलच्या आयओएस ७ मधून २०१३ मध्ये चामड्याची, लाकडाची नक्कल गेली आणि सपाट डिझाइन सगळीकडे पसरलं. चकाकी आणि सावल्या गेल्या, तेव्हा बटण कुठलं आणि नुसता मजकूर कुठला हे दाखवायचं काम रंगाच्या उठावावर येऊन पडलं. पुढे धूसर काचेसारखे पडदे आले. गडद फोटोवर त्यातली पांढरी अक्षरं छान दिसतात. पान सरकवलं, मागे फिकट आभाळ आलं, की उठाव गेलाच. इथे 'विरोधाभास गेला' लिहून बघा, काय गेलं ते कुणालाच कळणार नाही.

प्रतिसाद २

उठाव म्हणजे बंडही, पण संदर्भाने ते कळतं. माझी अडचण वेगळी आहे. उठावशिल्पातला उठाव म्हणजे पृष्ठभागातून वर येणं. न्यूमॉर्फिझम या डिझाइनशैलीतली बटणं आठवा: रंग पार्श्वभूमीचाच, एका कडेला उजळ सावली, दुसऱ्या कडेला गडद. बटण आतून फुगून वर आल्यासारखं दिसतं. म्हणजे त्याला शिल्पातला उठाव आहे, पण तुमच्या अर्थाचा उठाव नाही. या शैलीची मुख्य खोट तीच, आणि ती लिहिताना नेमका शब्दच आड येईल.

प्रतिसाद १

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग आकाराला 'उभार' म्हणू: 'बटणाला उभार आहे, उठाव नाही.'

आणखी एक वाटणी करायला हवी. वेब कन्टेन्ट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्समध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीत, कॉन्ट्रास्ट हे गुणोत्तर आहे, दोन रंगांच्या उजळपणाचं. तिच्या 'एए' या मधल्या पातळीला साध्या मजकुरासाठी निदान ४.५:१, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१. पांढऱ्या पानावर #७६७६७६ या रंगसंकेताचा राखाडी ४.५४ भरतो, पास होतो. #७७७७७७ जेमतेम ४.४८, नापास. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. जे असं मोजून काढावं लागतं त्याला 'उठाव' म्हणवत नाही. तिथे 'तफावत' बरी. तफावत मोजायची, उठाव दिसायचा. पास झालेला राखाडी अगदी बारीक वजनाच्या देवनागरी फॉन्टला द्या: तफावत तेवढीच राहते, पण अनुस्वार आणि रफार पुसट होतात, उठाव राहत नाही. मराठी पानं तपासताना मला हे फार वेळा दिसतं, आणि आकडा पास आहे म्हणून कुणी ते दुरुस्त करत नाही.

प्रश्नकर्तीकडून

वाक्य असं केलं: 'अक्षरांना पुरेसा उठाव द्या, पार्श्वभूमीशी उजळपणाची तफावत निदान ४.५:१ हवी.' मोठ्याने वाचलं, कुठेही अडखळले नाही. सेटिंगमधलं 'हाय कॉन्ट्रास्ट' मात्र तसंच ठेवतेय. ज्यांना ते लागतं ते याच नावाने शोधतात, त्यांना नव्या शब्दापाशी थांबवायचं नाही.