हृदयाच्या धमन्यांचा सीटी: कॅल्शियम स्कोअर की सीटी अँजिओग्राफी?

मृण्मयी:
माझे वय 52 असून छातीत दुखणे, जिना चढताना दम लागणे असा कोणताही त्रास नाही. मात्र वडिलांना पन्नासाव्या वर्षीच हृदयविकाराचा झटका आला होता आणि माझे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 148 आहे, त्यामुळे डॉक्टरांनी स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा) विचार करायला सांगितले आहे. आयुष्यभराची गोळी सुरू करण्यापूर्वी धमन्यांत खरोखर प्लाक (आतल्या भिंतीवर साठलेला चरबीचा थर) आहे का, हे पाहावेसे वाटते. वरीलपैकी कोणती तपासणी करून घ्यावी?

निवृत्त रेडिओग्राफर:
आपल्याला लक्षणे नाहीत आणि प्रश्न गोळीचा आहे, त्यामुळे माझ्या मते कॅल्शियम स्कोअर (धमन्यांत साठलेले कॅल्शियम मोजणारा साधा सीटी) पुरेसा आहे. त्यात सुई टोचावी लागत नाही. छातीवर ईसीजीच्या चकत्या चिकटवून काही सेकंद श्वास रोखायला सांगतात, आणि किरणोत्सर्ग साधारण 1 मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो. 1990 साली आगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीनुसार 130 हाउन्सफील्ड एककांपासून (सीटीतील घनतेचे माप) पुढच्या घनतेचे ठिपके धरून प्रत्येकाच्या क्षेत्रफळाला घनतेप्रमाणे 1 ते 4 ने गुणतात आणि त्यांची बेरीज करतात. स्कोअर 100 किंवा अधिक आला, तर गोळी टाळण्यात अर्थ नाही. शून्य आल्यास पुष्कळांना थांबता येते. परंतु वडिलांना इतक्या लवकर झटका आलेला असल्यामुळे शून्य ही आपल्यासाठी निश्चिंत सूट ठरत नाही, हे तपासणीआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

शशांक:
वरील सल्ला लक्षणे नसलेल्यांपुरताच आहे, हे माझ्या अनुभवावरून आवर्जून सांगतो. चढ चढताना माझी छाती आवळल्यासारखी व्हायची, तरी आधी कॅल्शियम स्कोअरच झाला. तो शून्य आला आणि मी तीन महिने निर्धास्त राहिलो. पुढे सीटी अँजिओग्राफीत (शिरेतून कॉन्ट्रास्ट हे औषध सोडून धमन्या ठळक दाखवणाऱ्या सीटीत) एका धमनीत 60 टक्के अरुंदपणा दिसला, आणि तो सगळा कॅल्शियम नसलेल्या मऊ प्लाकमुळे होता. त्या तपासणीआधी मूत्रपिंडांचे काम कळावे म्हणून रक्तातील क्रिएटिनिन पाहिले, नाडी साठच्या आसपास आणण्यासाठी मेटोप्रोलॉल दिले आणि धमन्या रुंदावाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन ठेवले. (सिल्डेनाफिल ही लैंगिक ताठरतेसाठीची गोळी घेत असल्यास ते लाजून लपवू नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो.) कॉन्ट्रास्ट सोडताच अंगभर ऊब पसरली आणि लघवी झाली की काय अशी शंका आली, पण तो निव्वळ भास होता.

मृण्मयी:
दोघांचेही आभार. मग थेट सीटी अँजिओग्राफीच केलेली बरी नाही का? शिवाय गोळी सुरू केल्यास वर्षभराने स्कोअर पुन्हा पाहून तिचा उपयोग कळेल का?

निवृत्त रेडिओग्राफर:
मऊ प्लाक दिसतो म्हणून ती सरसकट करावी, असे मला वाटत नाही. त्यात आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट लागतो, आणि कॅल्शियम फार असल्यास त्याची चकाकी पसरून अरुंदपणा आहे त्याहून अधिक भासतो. त्रास होत असेल तेव्हा मात्र तीच उपयोगी आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. स्टॅटिनमुळे मऊ प्लाक घट्ट होऊन त्यात कॅल्शियम वाढू शकते, म्हणजे गोळी लागू पडत असतानाही आकडा चढलेला दिसतो, आणि तो पाहून घाबरून गोळी बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत. गोळीचा परिणाम एलडीएलवरून पाहावा.