फितूर की मिंधा? 'सामना'मधल्या मास्तरला नेमकं काय म्हणायचं

रविवारी जळगावजवळ शेतात भरीत पार्टी होती, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या वगैरे सगळं यथासांग, आणि जेवणं झाल्यावर विषय निघाला जुन्या पिक्चरचा. १९७४ चा 'सामना', जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला. आमचे आप्पा पटकन बोलून गेले की श्रीराम लागूंचा तो मास्तर फितूर आहे, गावचा बडा पुढारी हिंदुराव, त्याच्या घरी राहतो, त्याचंच खातो पितो आणि त्यालाच विचारत सुटतो, गावातून गायब झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं म्हणून. मला ते काही पटेना, पण मग शब्द कोणता हेही सुचेना. फितूर, मिंधा, बेइमान, यातलं काय बसतं?

धुळेकर : मी कोर्टात रोज हा शब्द ऐकतो म्हणून लिहितो. फितूर शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, मूळ अर्थ ढिलेपणा, मंदावणं असा काहीतरी. गंमत बघा, हिंदीवाल्यांनी त्याचा डोक्यातला खुळा नाद केला आणि आपण केला सूर्याजी पिसाळ! आणि पेपरात येतं ना 'साक्षीदार फितूर', ते अजून तिसरंच. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १५४ होतं, त्यात आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला कोर्ट परवानगी देऊ शकतं एवढंच म्हटलंय, 'होस्टाइल' हा शब्दसुद्धा तिथे नाही. तो घाबरला, पैसे खाल्ले, विसरला की आता खरं बोलतोय, कायदा काहीच बोलत नाही, पण मराठीत फितूर म्हटलं की झाला तो विकला गेलेला. म्हणजे हेतू माहीत नसताना शब्दच निकाल देऊन मोकळा. मास्तरचं आप्पांनी तेच केलंय.

अमळनेरची : फितूर व्हायला आधी एका बाजूला असावं लागतं ना भो. मास्तर हिंदुरावाच्या बाजूला कधी होता? पाहुणा होता. मिंधा म्हणा हवं तर. पण मिंधा शब्दाची हल्ली राजकारणात पार वाट लागलीय, कुणालाही शिवी म्हणून चिकटवतात. मिंधा म्हणजे ज्याला उपकाराखाली मान वर करता येत नाही तो, त्याने पैसे खाल्लेले असायला पाहिजेत असं काही नाही. आमची आजी 'मी कोणाची ओशाळी नाही' म्हणायची, तेही त्याच घरातलं. मास्तर मिंधा व्हायला हवा होता, हिंदुरावाचा सगळा हिशोबच तो होता, खाऊ घाला, प्यायला द्या, तोंड बंद राहील. ते राहिलं नाही एवढंच. मग तो बेइमान कसा, इमान ठेवायचं ते जेवणाशी की बेपत्ता माणसाशी?

फैजपूरवाला : ताई बरोबर, पण मास्तर एवढा साधा नाही. स्वातंत्र्यलढ्यातला माणूस, आता दारूत बुडालेला, त्याला दुसऱ्याचा प्रश्न इतका का लागतो? मला वाटतं तो हिंदुरावाला कमी आणि स्वतःला जास्त विचारतोय, इतकी वर्षं मी कुठे होतो म्हणून. आता याला 'पश्चात्ताप' म्हणता येत नाही, कारण तो आपल्या केलेल्या कर्माचा असतो आणि कांबळेला मास्तरने काही केलेलं नाही. टोचणी पण केलेल्याचीच लागते. रुखरुख मात्र न केलेल्याची लागते, राहून गेलेल्याची. माझं मत रुखरुखीला. खंत पण चालेल, ती दुसऱ्याच्या करणीचीही वाटते. आमची पोरं सरसकट 'गिल्टी वाटतंय' म्हणतात, त्यात हे चारही बसवून टाकतात.

धुळेकर : रुखरुख फार हलका शब्द आहे हो, गाडी चुकली तरी लागते. एका माणसाचा जीव गेलाय तिथे.

फैजपूरवाला : मग सल म्हणा.

धुळेकर : सल चालेल. आणि फितूर न म्हणता 'उलटला' म्हणा, त्यात विकलं जाणं येत नाही. आपल्याकडचा खाज्या नाईक बघा, इंग्रजांच्या चाकरीत सेंधवा घाटाची राखण करायचा, १८५७ ला उलटला आणि पुढच्या वर्षी आंबापाणीला लढला. इंग्रजांचं मीठ खाल्लं म्हणून त्याला आपण कधी नमकहराम म्हटलंय का?

अमळनेरची : अहिराणीत विचारा आप्पांना, 'मारुती कांबळेनं काय व्हयनं?' बघा काय उत्तर देतात.

मी : विचारलं. ते म्हणे 'पहिले जेवी ले, मंग सांगस'. आणि हो, त्या पार्टीला सगळ्यांनी वर्गणी काढली होती, त्यामुळे तिथे मिंधं कोणीच नव्हतं, आप्पांनी मात्र अजून दिलेली नाही.