फिजेट स्पिनर ही जपमाळेची पुढची पिढी? मला पटत नाही

संथवारा:
२०१७ साली स्पिनरची, म्हणजे बोटांत धरून गरगर फिरवायच्या त्या चकतीवजा खेळण्याची, लाट आली, तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतं: 'ही तर आजच्या काळातली जपमाळ!' अजिबात नाही. माळ हे मुळात मोजायचं साधन. जपमाळेत १०८ मणी, मुसलमानांच्या तसबीहमध्ये ९९ किंवा ३३, कॅथलिक रोझरीत दहा-दहाचे पाच गट. इंग्रजीतल्या 'बीड' या शब्दाचा जुना अर्थच प्रार्थना. मधल्या बोटावर माळ घ्यायची, अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, मेरुमणी (माळेच्या टोकाचा वेगळा मणी) आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची. मन भरकटलं की अंगठा अडखळतो आणि ते आपल्याला तिथल्या तिथे कळतं. स्पिनरला टिचकी मारली की तो आपल्याविनाच फिरत बसतो.

काठावरचा:
मोजणं हाच गाभा असेल तर ग्रीक कोंबोलोईचं काय करायचं? दिसायला माळच, पण जप नाही की मोजणी नाही. मणी दोऱ्यात मुद्दाम सैल ओवलेले, एकमेकांवर आपटले की टक्-टक् वाजतात. एवढ्यावर माणसं तासन् तास शांत बसतात. चीनमध्ये बाओडिंगचे गोळे तळहातात एकमेकांभोवती फिरवतात, तेही मंत्राशिवाय. फोनवर अवघड बोलणं चालू असलं की मी पेनाचं टोपण उघडझाप करतो. ते हातातून गेलं की मला शब्द सुचेनासे होतात. हाताला काम हवं असतं, देव असो वा नसो.

संथवारा:
टोपणाला माझी हरकतच नाही. पण बोलताना तुम्ही त्या टोपणाकडे बघता का?

रेघोट्या:
हा प्रश्न नेमका आहे. मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० जणांना फोनवरचा रटाळ निरोप ऐकवला आणि निम्म्यांना तो ऐकता ऐकता कागदावरच्या आकृत्या रंगवायला दिल्या. रंगवणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. उलट, व्हिडिओवरचं व्याख्यान बघताना ज्यांच्या हाती स्पिनर दिला, त्यांच्या लक्षात कमी राहिलं. पहिल्या प्रयोगात डोळे मोकळे होते, दुसऱ्यात ते पडद्यावर हवे होते. म्हणून वस्तू जुनी की नवी यापेक्षा ती डोळे पळवते का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

काठावरचा:
मग स्पिनर खिशात फिरवला तर चालेल ना? वर्गातल्या चुळबुळ्या मुलाच्या हातून तो सरसकट काढून घेणं मला तरी क्रूर वाटतं.

संथवारा:
खिशातला चालेल, एवढं मान्य. गोमुखी आहेच की! माळ त्या कापडी पिशवीत असते, जप करणाऱ्यालाही ती दिसत नाही, फक्त बोटांना कळते. पण स्पिनर विकताना त्याचे रंग आणि दिवे दाखवतात. तो खिशात ठेवायला बनवलेलाच नाही, माझं भांडण तिथे आहे.