लांबलेल्या थंडीतलं विणकाम: टोपी, मोज्याची टाच आणि काचेवरचं पाणी

थंडीचे_दिवस:
आमच्याकडे थंडी बरीच लांबते. अंधार लवकर पडतो, खिडक्या बंद असतात, हीटर चालू असतो. या संध्याकाळी रोजच्या वापरात येईल असं काहीतरी हाताने करायचं आहे. मोठ्या माणसांच्या टोप्या, पायमोजे आणि उरल्यासुरल्या कापडातून दाराखालच्या फटीशी ठेवायचा लांबट लोड, एवढं ठरवलं आहे. सुलट-उलट टाके, टाके घालणं, बंद करणं येतं. सपाट मफलर नीट होतात. गोल विणकाम मात्र नवीन आहे.

विचारायचं ते असं: नमुन्यात सांगितलेली लोकर माझ्याकडे नाही, मग टोपीचे टाके कसे ठरवायचे? मोज्याची टाच कशी वळवतात? आणि विणलेलं घरातच धुऊन सुकवलं तर चालेल का? खिडकीच्या काचांवर रोज सकाळी आधीच पाणी असतं.

सुलट_उलट:
नमुन्यातले टाके बाजूला ठेवा, आपल्या लोकरीचे आपण मोजायचे. ४ किंवा ४.५ मिमीच्या सुईवर साधारण १५ सेंमी लांब-रुंद तुकडा विणा, कोमट पाण्यात भिजवा, सपाट पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच मधल्या १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी ताणलेले असतात. न धुतलेला तुकडा फसवतो. लोकर भिजली की धागा फुलतो, टाके सैलावतात आणि तीच खरी मापं असतात.

तुम्ही गोल विणणार आहात तर तुकडाही गोल विणल्यासारखाच करा. सपाट विणताना एक आड एक ओळ उलट येते आणि बहुतेकांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सैल पडतो. दोन्हीकडे टोक असलेल्या सुया किंवा गोल सुई घ्या. ओळ संपली की काम न उलटता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवा, धागा मागून ऐसपैस सैल आणा आणि परत सुलटच विणा. मागे धाग्यांचे लोंबते फास दिसतील, ते तसेच राहू द्या.

आता हिशेब. डोक्याचा घेर ५६ सेंमी असेल तर टोपी ५० सेंमीची हवी, म्हणजे ती ताणून बसते आणि वाऱ्यात कानावरून सरकत नाही. १० सेंमीत २० टाके येत असतील तर १०० टाके घाला. १०० ला ४ ने भाग जातो, त्यामुळे २ सुलट २ उलट अशी काठाची रिब बरोबर जुळते. हाच हिशेब २० ऐवजी १८ टाक्यांच्या हाताने विणला तर १०० टाक्यांची टोपी साडेपंचावन्न सेंमीची होते, म्हणजे डोक्याएवढीच, आणि मग ती डोळ्यांवर येते. दोन टाक्यांचा फरक तुकड्यावर किरकोळ वाटतो, पण टोपीवर तोच सगळं बिघडवतो.

रिबसाठी अर्ध्या मिमीने बारीक सुई घ्या. टाके घातल्यावर गोल जोडायच्या आधी सगळ्या टाक्यांची खालची कड सुईच्या आतल्या बाजूला आहे ना, हे एकदा बोटाने फिरून पाहा. एका ठिकाणी जरी पीळ राहिला तरी विणकामाला कायमचा वेढा बसतो आणि तो उसवल्याशिवाय निघत नाही. खात्री वाटत नसेल तर पहिल्या दोन ओळी सपाट विणा आणि मग जोडा. खाली राहणारी बारीक फट शेवटी टाके घातल्याच्या दोऱ्याने शिवून टाका.

काठ दुमडायचा असेल तर रिब ११-१२ सेंमी विणा. दुमडलेल्या काठापासून वर १५-१६ सेंमी झाले की घट, म्हणजे टाके कमी करणं, सुरू. १०० टाक्यांचे दहा-दहाचे दहा भाग करा, प्रत्येक भागाला मार्कर (खुणेसाठी सुईवर अडकवायचं छोटं कडं) लावा. पहिल्या फेरीत ८ सुलट, २ एकत्र. पुढची फेरी साधी. मग ७ सुलट, २ एकत्र, पुन्हा साधी फेरी. असं ५० टाके उरेपर्यंत करा, त्यानंतर साध्या फेऱ्या गाळून प्रत्येक फेरीत घटवा. १० टाके उरले की धागा तोडून सुईने त्यातून दोनदा ओवा आणि घट्ट ओढा. ४० सेंमीच्या गोल सुईवर टाके कमी झाले की पुरत नाहीत, तेव्हा चार-पाच छोट्या सुयांवर घ्या किंवा ८० सेंमीच्या गोल सुईची लांब तार दुमडून विणा. दुमडत्या काठाच्या टोपीला मध्यम जाडीची १०० ग्रॅम, सुमारे २०० मीटर लोकर पुरते.

टाच_आणि_चवडा:
मोज्यांसाठी ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असा धागा घ्या. निव्वळ मऊ लोकरीची टाच बुटात घासून फार लवकर विरते. मोठ्या माणसाच्या जोडीला १०० ग्रॅम, साधारण ४०० मीटर. सुई २.५ मिमी. विणकाम घट्ट हवं, टोपीसारखं लवचिक नको.

चवड्याचा घेर २४ सेंमी असेल तर मोजा दहा टक्के कमी, म्हणजे साडेएकवीस धरा. १० सेंमीत ३० टाके येत असतील तर ६४ टाके. हे टाके सैल घाला, नाहीतर मोजा टाचेवरून वर चढत नाही. वरची नळी हवी तेवढी लांब विणा.

टाच ही ६४ पैकी निम्म्या, म्हणजे ३२ टाक्यांवर सपाट होते. बाकीचे ३२ तसेच सुईवर थांबतात. ३२ ओळींची पट्टी विणा आणि प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता सरकवा. त्यामुळे दोन्ही कडांना १६-१६ मोठे टाके साखळीसारखे दिसतात, पुढे ते उचलायला सोपे जातात. सुलट बाजूला एक सरकवा, एक विणा असं आलटून पालटून केलं तर पट्टी दुहेरी जाड होते. मी तरी साधी टाच कोणाला सुचवणार नाही.

आता वळण. सुलट बाजूने १८ विणा, दोन टाके डावीकडे झुकतील असे एकत्र करा (एकेक करून सुलट विणल्यासारखे सरकवा, डावी सुई त्यांच्या पुढून घाला, दोन्ही मिळून विणा), एक सुलट, आणि तिथूनच काम उलटा. बाजूला ११ टाके न विणता राहतील. राहू द्या, ते चुकलेलं नाही. उलट बाजूने पहिला सरकवा, ५ उलट, २ एकत्र उलट, १ उलट, पुन्हा काम उलटा. या बाजूलाही ११ उरतील. काम उलटलं तिथे बारीक फट दिसते. यापुढे प्रत्येक ओळीत पहिला सरकवून त्या फटीच्या अलीकडच्या टाक्यापर्यंत विणायचं, फटीच्या दोन्ही बाजूंचे दोन टाके एकत्र करायचे, पुढचा एक विणायचा, उलटायचं. मधला भाग दरवेळी एका टाक्याने वाढतो. शेवटच्या दोन ओळींत एकत्र केल्यानंतर पुढे विणायला टाकाच नसतो, तिथेच वळा. सुईवर १८ उरले म्हणजे हिशेब बरोबर.

मग टाचेच्या कडेचे १६ टाके उचला, थांबलेले ३२ विणा, दुसऱ्या कडेचे १६ उचला.

थंडीचे_दिवस:
कडेचे टाके उचलतात तिथे, पट्टी आणि वरचा भाग भेटतो त्या कोपऱ्यात, भोक पडतं असं मोज्यांच्या अनेक फोटोंत दिसतं. ते कशामुळे? आणि पुढे टाके पुन्हा ६४ वर कसे आणायचे?

टाच_आणि_चवडा:
त्या कोपऱ्यात सपाट विणलेली पट्टी आणि थांबलेले टाके यांना जोडणारा एकच ताणलेला धागा असतो, म्हणून भोक. दोन्ही कोपऱ्यांत एकेक जास्तीचा टाका उचला, पण तो त्या सैल धाग्यातून नको, त्याच्या खालच्या ओळीच्या टाक्यातून घ्या. पुढच्या फेरीत तो टाका मागच्या बाजूने सुई घालून विणा, म्हणजे पीळ बसून घट्ट होतो. सैल धाग्यातूनच उचललात तर भोक मोठंच होतं.

एकूण टाके आता १८, १६, १६, ३२ आणि कोपऱ्यांचे २, म्हणजे ८४. वरच्या ३२ च्या आधी तीन टाके उरले की २ एकत्र, १ सुलट. वरचे ३२ तसेच. त्यानंतर १ सुलट आणि २ टाके डावीकडे झुकतील असे एकत्र. पुढची फेरी साधी. घटीच्या दहा फेऱ्या झाल्या की ६४.

पुढे सरळ विणत जा. पाऊल २५ सेंमी असेल तर मोजा २४ चा पुरे. बोटांकडची घट ५ सेंमी उरले असताना सुरू करा: एक आड एक फेरीत ४ टाके कमी, ३२ होईपर्यंत. मग प्रत्येक फेरीत ४, १६ होईपर्यंत. हे १६ सुईने टाक्याला टाका जोडून बंद करा, शिवण आली की ती बोटांना टोचते. आणि दुसरा मोजा लगेच सुरू करा. मध्ये बरेच दिवस गेले की हाताचा ताण बदलतो, जोडी लहान-मोठी होते.

घरची_हवा:
सुकवण्याचं आणि काचेच्या पाण्याचं एकत्रच बघावं लागेल. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर जेमतेम ९ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी धरू लागतं. आर्द्रता ६० टक्के झाली तर १२ अंशांवरच धरतं, ४० टक्के असेल तर ६ अंशांपर्यंत धरत नाही. म्हणजे काच जितकी गार, तितकी हवा कोरडी ठेवायला हवी. एक साधा आर्द्रतामापक खोलीत ठेवा, त्याशिवाय सगळे अंदाजच. कडाक्याच्या थंडीत ४० च्या आसपास ठेवलेलं बरं. ३० च्या खाली गेलं तर लोकर अंगाला चिकटते, बोटांना भेगा पडतात आणि धागा त्यात अडकतो.

पाणी येतं कुठून? स्वयंपाकाची वाफ, आंघोळ, श्वास आणि ओले कपडे. यंत्रातून काढलेले एका वेळचे कपडे घरात वाळले की सुमारे दोन लिटर पाणी हवेत जातं. त्यापुढे टोपी-मोज्यांचं पाणी नगण्य आहे, ते बेलाशक घरात वाळवा. मोठे कपडे मात्र एका खोलीत, दार बंद करून, वाळेपर्यंतच खिडकी किंचित उघडी ठेवून वाळवा. रोज दोन-तीन वेळा समोरासमोरच्या खिडक्या ५ ते १० मिनिटं सताड उघडा. तेवढ्यात दमट हवा निघून जाते आणि भिंती गार होत नाहीत. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर उलटं होतं: चौकटीजवळची भिंत गार पडते आणि तिथेच बुरशी धरते.

लोडाबद्दल. दार ८० सेंमी असेल तर कापड ९० बाय २८ सेंमी कापा. लांबीत दुमडून १ सेंमीवर शिवा, एक तोंड बंद करा, उलटा. व्यास साधारण ८ सेंमी येतो. आत कापडाचे बारीक तुकडे आणि उरलेली लोकर ठासून भरा. लोड हलका असला की दार उघडताना सरकतो, म्हणून तळाशी कोरड्या वाळूची दुहेरी शिवलेली अरुंद पिशवी लांबीभर ठेवा. धान्य भरू नका. त्याला ओल लागते, कीड लागते. बाहेरच्या कापडाला एका टोकाला बटणं ठेवली तर ते काढून धुता येतं. फट नेमकी कुठे आहे ते पातळ टिश्यू कागदाची पट्टी चौकटीजवळ धरून कळतं, पट्टी हलते तिथे झोत.

एक गोष्ट सोडू नका. घरात गॅस, लाकूड किंवा रॉकेलवर चालणारं काही असेल तर हवा येण्याची मुद्दाम ठेवलेली जाळी कधीही बुजवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म बसवा.

लोकर_धुणारी:
धुण्याबद्दल थोडं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. उष्णता, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमदा होतो, तो परत सुटत नाही. म्हणून ३० अंशांपर्यंतचं कोमट पाणी, लोकरीसाठीचा साबण, १५-२० मिनिटं नुसतं भिजत ठेवणं, आणि खळबळण्याचं पाणीही तेवढंच कोमट. नेहमीच्या पावडरीत प्रथिनं विरघळवणारी विकरं असतात, लोकर प्रथिनाचीच असल्याने ती तिला हळूहळू खातात. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा, मापात आणून सपाट वाळवा. दोरीवर टांगलं की पाण्याच्या वजनाने लांबतं. लेबलवर यंत्रात धुता येईल असं लिहिलेली लोकर आटत नाही, पण ओली असताना भलतीच ताणली जाते, ती तर अजिबात टांगू नका. हीटरवर थेट ठेवूनही वाळवू नका.

अॅक्रिलिक सोपं पडतं हे मान्य, लहान मुलांच्या टोप्यांना चालतं. मोज्यांना मात्र नको. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल शोषूनही ओली लागत नाही, अॅक्रिलिकमध्ये पाय घामेजतो आणि मग गारठतो. शिवाय त्यावर गरम इस्त्री ठेवली की ते कायमचं लुळं पडतं.

थंडी संपली की धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवा. कसरीच्या अळ्या घाम आणि तेलाचे डाग असलेली लोकर आधी खातात. शंका असेल तर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार लोकरीवर पाणी धरतं.

थंडीचे_दिवस:
लोड याच आठवड्यात शिवते, टोपीचा तुकडा आजच सुईवर घेते. एक राहिलं: खिडकीला जाड अस्तराचे पडदे लावले तर काचेवरचं पाणी कमी होईल ना?

घरची_हवा:
नाही, वाढेल. पडदा खोलीची ऊब काचेपर्यंत जाऊ देत नाही, म्हणून काच आणखी गार होते, आणि दमट हवा मात्र कडेने आत शिरतेच. तरी पडदे लावा, रात्री ऊब राखायला ते उपयोगी आहेत. फक्त ते हीटरवर लोंबू देऊ नका, खिडकीच्या खालच्या फळीला टेकतील एवढेच ठेवा. सकाळी उठल्याबरोबर पूर्ण बाजूला सारा आणि काच, विशेषतः खालची रबरी पट्टी, कोरड्या फडक्याने पुसा. ते फडकं खोलीतल्या दांडीवर वाळत घालू नका, मोरीत पिळून तिथेच ठेवा, नाहीतर तेच पाणी पुन्हा हवेत.

सुलट_उलट:
आणि गडद रंगाची लोकर दिवसाउजेडी विणा. काळ्या-निळ्या धाग्यावर सुटलेला टाका दिव्याखाली दिसत नाही, चार-पाच ओळी पुढे गेल्यावर शिडी दिसते. ती उसवायची गरज नसते, क्रोशाच्या सुईने खालून एकेक आडवा धागा फासातून ओढत वर आणा. पहिल्या टोपीला फिका, एकरंगी धागा घ्या.