डेंग्यूची माहिती सगळ्यांना वेळेत कळेल अशी सिस्टिम, सुरुवात कुठून करू?

कोडकरी:
नमस्कार मंडळी, आमच्या तालुक्यात पीएचसी, खाजगी लॅब आणि जिल्हा ऑफिस यांच्यात डेंग्यूची माहिती व्हॉट्सॅपवर एक्सेलच्या फायली टाकून फिरते. मागच्या पावसाळ्यात एकच पेशंट तीन याद्यांत तीन स्पेलिंगने आला आणि फवारणीवाले भलत्याच वाडीत गेले. मला मदत म्हणून ॲप बनवून द्यायचंय, आधी फॉर्म करू की डेटाबेस?

उपकेंद्रातली ताई:
दादा, हात जोडते पण अजून एक फॉर्म नको. आयएचआयपी, म्हणजे रोगांची माहिती भरायचं सरकारी ऑनलाइन पोर्टल, २०२१ पासून आहेच, त्यात आम्ही एस फॉर्म भरतो म्हणजे नुसती लक्षणं, डॉक्टर पी भरतात म्हणजे संशयित, आणि लॅब एल भरते म्हणजे तपासणीत पक्कं झालेलं. तेच परत टायपायला लावलंत तर रात्री घरी जेवणं उरकून भरत बसायचं, मग घाईत चुका होणारच ना. आणि वाडीवर रेंज नसते, फोनमध्येच सेव्ह होऊन नंतर आपोआप गेलं पाहिजे.

धागेदोरे:
ताई म्हणतायत ते शंभर टक्के बरोबर. गावाचं नाव टाइप करायला देऊच नकोस, यादीतून निवडू दे आणि मागे एलजीडी कोड (सरकारने प्रत्येक गावाला दिलेला नंबर) ठेव, वाड्यांची यादी आशाताईंकडूनच करून घे. रॅपिड कार्ड (झटपट होणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आणि एलायझा (लॅबमधली रक्ततपासणी) पॉझिटिव्ह एका रकान्यात अजिबात नको, पक्की केस एनएस१ (विषाणूचं प्रथिन) किंवा आयजीएम (अँटीबॉडी) शोधणाऱ्या एलायझावरच धरतात. आणि टेस्ट शहरात होते पण पेशंट राहतो गावात, फवारणी राहत्या घराजवळ लागते, म्हणून लॅबचा पत्ता आणि घराचा पत्ता वेगळा ठेव. ताप कधी आला ती तारीखही घे, नुसत्या रिपोर्टच्या तारखेवरून साथ कधी सुरू झाली ते कळत नाही. कोड लिहायच्या आधी डीएचआयएस२ बघ, आरोग्याची माहिती गोळा करायचं सॉफ्टवेअर, ओस्लो विद्यापीठातलं आहे, ओपन सोर्स, ऑफलाइनही चालतं.

कोडकरी:
बापरे, पत्त्याचं डोक्यातच नव्हतं. नाव-मोबाइल कोणाकोणाला दिसू द्यायचं?

उपकेंद्रातली ताई:
त्या भागातली सिस्टर, आशा, डॉक्टर, बस. वर नुसते आकडे जाऊ देत. पण खाली पण काहीतरी येऊ द्या हो, आम्ही इतकं पाठवतो आणि शेजारच्या गावात केस निघालेली आठ दिवसांनी कळते. त्याच दिवशी मेसेज आला तर दुसऱ्या सकाळी आम्ही घरोघरी फिरून पिंप, टाक्या रिकाम्या करून घेऊ.